दाराकडे तोंड केलेले बूट

पार्सिपनीत ऑक्टोबर लागला की लोक कॅमेरे गळ्यात अडकवून डोंगरांकडे धावतात. झाडं पेटल्यासारखी लाल होतात आणि चांगली शहाणी माणसं रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून एखाद्या मेपलकडे बघत बसतात. मी मात्र या दिवसांत घरातले दिवे लावत सुटते. तळघरात कपडे धुवायला उतरताना मोठमोठ्याने बोलत उतरते.

"कोणाशी बोलतेस गं?" माझा नवरा सुनील वरून विचारतो.

"ड्रायरशी."

इतक्या वर्षांत त्याने पुढचा प्रश्न विचारणं सोडून दिलंय.

मी मूळचीच भित्री. हे कबूल करायला आता पन्नाशीच्या दारात लाज वाटत नाही. सिंकमधलं कचरा दळायचं यंत्र लावताना मी एक हात मागे बांधल्यासारखा धरते. हायवेवर मर्ज करताना, म्हणजे धावत्या रांगेत गाडी घुसवताना, डोळे मिटावेसे वाटतात. अजून मिटलेले नाहीत, एवढंच. फोडणी दिली की छतावरचा स्मोक अलार्म किंचाळतो आणि मी हातातला झारा टाकून दारात जाऊन उभी राहते. खिडकी उघडायची, टॉवेलने वारा घालायचा, हे सगळं मला माहीत आहे. पण पाय आधी दाराकडेच जातात. त्या पायांना अजून कोणी सांगितलेलं नाही की आपण पुण्याजवळच्या कॉलनीतून कधीच निघून आलो.

ती कॉलनी दारूगोळ्याच्या डेपोची होती. बाबा तिथे गोदामात होते, एकतीस वर्षं. सकाळी सातला भोंगा, दुपारी बाराला भोंगा, संध्याकाळी पाचला भोंगा. आमच्याकडे कुणी घड्याळ बघत नसे, कुकरच्या शिट्ट्यासुद्धा भोंग्याच्या आधी की नंतर अशा हिशेबाने लागायच्या. आणि कधीमधी तो भलत्याच वेळेला वाजायचा. मी आठ वर्षांची असताना एकदा दुपारी तीनला वाजला. आई मटार सोलत होती. ताट तसंच ठेवून ती दारात जाऊन उभी राहिली. समोरच्या काकू त्यांच्या दारात, पलीकडच्या त्यांच्या. अख्ख्या चाळीची दारं बायकांनी भरली होती. एक मटार घरंगळत उंबऱ्यापर्यंत आला होता. मी त्याच्याकडे बघत बसले, कारण आईच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

साडेसहाला बाबा आले. चपला काढल्या, नेहमीसारख्या वळवून दाराकडे तोंड करून ठेवल्या आणि म्हणाले, "गवत पेटलं होतं. चहा टाकतेस?"

बस्स. एवढंच.

त्या चपलांची गोष्ट सांगायला हवी. डेपोत गोदामाच्या तोंडाशी एक पांढरी रेघ असायची. रेघेच्या अलीकडे आपले खिळ्यांचे बूट काढायचे, पलीकडे कापडी बूट घालायचे. काडेपेटी, किल्ल्या, घड्याळ, पट्टा, जे जे लोखंडी ते ते बाहेर. एखाद्या खिळ्याची फरशीवर ठिणगी उडाली तरी पुरे. आणि काढलेले बूट तोंड बाहेर करून ठेवायचे. पळत बाहेर यायची वेळ आली, तर पाय थेट आत गेले पाहिजेत. वाकायला, वळवायला वेळ नसतो. बाबांना ही सवय घरी, देवळात, लग्नाच्या हॉलमध्ये, सगळीकडे होती. आई म्हणायची, "हे जेवायला आलेत की पळून जायला?"

२००२च्या सप्टेंबरात बाबा आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आले. आई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. ते फार बोलत नसत. सकाळी उठून सोफ्याच्या कडेला बसायचे, दोन्ही हात काठीच्या मुठीवर, जणू कुणी नाव पुकारेल तेव्हा उठायचंय. माझी तन्वी तेव्हा नऊ वर्षांची होती. ती शाळेतून आली की तेवढे तिच्याशी बोलायचे. ते मराठीत, ती इंग्रजीत. दोघांचं उत्तम चालायचं.

ती वेळच घाबरायची होती. विमानं घुसून ते दोन टॉवर पडल्याला नुकतं वर्ष झालं होतं. गल्लीतल्या प्रत्येक घरावर झेंडा होता. आमच्याही होता, सर्वांत मोठा, कारण सुनीलने तो आणला होता. ग्रीन कार्डचे कागद नुकतेच भरले होते. त्या दिवसांत सुनील पिवळ्या सिग्नललाच काय, हिरव्यालाही ब्रेक दाबायचा. "आपलं फाइलिंग चालू आहे," हे वाक्य तो 'शुभं करोति'सारखं म्हणायचा. लायब्ररीचं पुस्तक एक दिवस उशिरा गेलं तरी फाइलिंग. मी शेजारणीच्या लॉनवरून शॉर्टकट मारला तरी फाइलिंग.

आणि अशात दसरा आला.

इथे आपटा मिळत नाही. पण आमच्या मंडळातल्या एका मावशींनी शोध लावला होता की रेडबड नावाचं झाड आपट्याच्या नात्यातलं आहे. पान दुभंगलेलं नसतं, बदामासारखं असतं. पण ऑक्टोबरात ते पिवळंधमक होतं. म्हणजे आपट्याला आपण सोनं म्हणतो, हे म्हणवून घ्यायच्या आधीच सोनं झालेलं. मावशींनी पत्ताही दिला: तासाभरावर एक टेकडी आहे, चुनखडीची जुनी खाण, तिथे रेडबडची रांगच आहे.

दसऱ्याच्या आदल्या शनिवारी आम्ही चौघं निघालो. डब्यात पुऱ्या, बटाट्याची भाजी, लाडू. दुपार स्वच्छ होती, आकाश इस्त्री केल्यासारखं. पायवाटेच्या सुरुवातीला एक पाटी होती. तन्वीने ती वाचली आणि अख्ख्या डोंगराला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "आजोबा! दे केप्ट बॉम्ब्ज हिअर!"

सुनीलने तिच्या तोंडावर हात ठेवला. खरंच ठेवला. "हळू! तो शब्द इथे मोठ्याने बोलायचा नाही."

"बट इट सेज सो, डॅड."

"पाटीला म्हणू दे. आपण नाही म्हणायचं." मग त्याने इकडे तिकडे पाहिलं. झाडांवर दोन खारी होत्या. "तू... तू लाडू म्हण."

"दे केप्ट लाडूज हिअर?"

"हो. महायुद्धात. पुष्कळ."

मी हसून हसून खाली बसले. बाबा हसले नाहीत. पाटीवर एक धूसर फोटो होता: खाणीच्या तोंडाशी उभे केलेले ट्रक, आणि आत एकावर एक रचलेल्या पेट्या. बाबा त्या फोटोला नाक लावून उभे होते. "रचाई बघ," ते म्हणाले. "दोन थप्प्यांमध्ये माणूस जाईल एवढी जागा सोडली आहे. बरोबर आहे." खूप दिवसांनी त्यांचा आवाज असा सरळ आला होता.

रेडबड होते. अगदी रांगेने होते, पिवळे, उन्हात उभे. फक्त तारेच्या कुंपणापलीकडे. कुंपणाला एक भगदाड होतं आणि भगदाडाशेजारी आत येऊ नका अशी पाटी.

"चला, फोटो काढू या आणि परत," सुनील म्हणाला.

"परत? दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं असतं," बाबा म्हणाले, आणि काठी आधी आत सारून स्वतः वाकून गेलेसुद्धा.

"बाबा, ती सीमा गावाची! ही टाउनशिपची प्रॉपर्टी आहे! आपलं..."

"फाइलिंग चालू आहे," मी आणि तन्वी एकदम म्हणालो आणि बाबांच्या मागे वाकलो. सर्वांत शेवटी सुनील आला. त्याच्या जॅकेटची बाही तारेत अडकली तेव्हा त्याने दोन्ही हात वर केले होते, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

पलीकडे पानांचा खच होता. तन्वी आणि मी सोबत आणलेला रिकामा डबा भरून सोनं वेचलं. मग झाडांची रांग संपली आणि समोर ती खाण दिसली.

डोंगराचा कडा सुरीने कापल्यासारखा सरळ होता आणि त्यात तीन तोंडं होती. एकेकात ट्रक जाईल एवढी. मी ज्याला खाण समजत होते तो खड्डा असतो, आकाश दिसतं. ही आडवी आत गेली होती, डोंगराच्या पोटात, आणि मध्ये मध्ये दगडाचे जाड खांब तसेच ठेवून छत तोललं होतं. पहिल्या दोन खांबांवर पांढऱ्या रंगात आकडे दिसत होते. तिसरा खांब अर्धा दिसत होता. चौथा नुसता अंदाज होता. आणि तिथून हवा येत होती, फ्रिजचं दार उघडल्यासारखी, पायांना येऊन लागणारी. बाहेर एवढं ऊन, आणि माझ्या घोट्यांवर शहारे. पक्ष्यांचे आवाज त्या तोंडाशी येऊन थांबत होते, हे मला आधी कळलं नाही. नुसतंच काहीतरी चुकतंय असं वाटत राहिलं.

"झालं, पाहिलं," मी म्हणाले. "छान आहे. निघू."

बाबांनी ऐकलं नाही. ते खाली बघत होते. दगडी जमिनीवर एक पुसट पांढरी रेघ होती.

ते तिच्या अलीकडे थांबले. काठी कड्याला टेकवली, कारण तिच्या टोकाला लोखंड होतं. घड्याळ काढलं. किल्ल्या काढल्या. पट्टा काढून गुंडाळला. पेन, सुटी नाणी. सगळं एका सपाट दगडावर ओळीने. मग बूट काढले. माझ्या पर्समधली प्लास्टिकची बॅटरी मागून घेतली.

"बाबा, आत काही नाहीये आता," मी म्हणाले.

"माहीत आहे. पाच मिनिटांत येतो." आणि मोज्यांवरच ते रेघ ओलांडून गेले.

मला त्यांना थांबवता आलं असतं. मी का थांबवलं नाही, याचं उत्तर सरळ आहे. थांबवायला रेघेपलीकडे दोन पावलं टाकावी लागली असती.

बॅटरीचा प्रकाश पहिल्या खांबापाशी गेला. दुसऱ्या. तिसऱ्या. मग डावीकडे वळला आणि दिसेनासा झाला.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. मी "बाबा!" अशी हाक मारली, ती आत गेली, कुणीतरी हातात घेऊन चाचपल्यासारखी झाली आणि भलत्याच आवाजात परत आली. पुन्हा मारायची हिंमत झाली नाही. सुनील येरझाऱ्या घालत होता. तन्वीने माझा हात धरला होता, आणि कोणाचा हात गार आहे ते कळत नव्हतं.

वीस मिनिटं झाली तेव्हा मागून पानं वाजली.

पोलीस. एकच होता, पन्नाशीचा, मिशीवाला, भरभक्कम. पायवाटेशी आमची गाडी पाहून आला असावा. सुनीलचा चेहरा चुन्यासारखा झाला. मला त्याचे विचार छापल्यासारखे दिसत होते: चार सावळी माणसं, दारूगोळ्याचं गोदाम, त्यातलं एक आत, हातात डबा. तो बोलायला लागला. पासपोर्ट कुठे आहेत, कंपनी कुठली, आम्ही पानं गोळा करायला आलो आहोत, हा आमचा सण आहे. पोलीस ऐकत नव्हताच. तो त्या सपाट दगडाकडे बघत होता. घड्याळ, किल्ल्या, गुंडाळलेला पट्टा, कड्याला टेकवलेली काठी, शेजारी जोडून ठेवलेले बूट.

त्याने टोपी काढली. माझ्याजवळ आला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "मॅम, हे कुणाचं आहे?"

"माझ्या वडिलांचं."

"अलीकडे ते उदास होते का? घरात काही घडलं होतं का?"

मला क्षणभर कळलंच नाही तो काय विचारतोय. मग कळलं.

आम्ही त्याला घाबरलो होतो आणि तो या दगडाला घाबरला होता. आणि मी कशाकशाचं भय बाळगत आले, सिंकचं, हायवेचं, ड्रायरचं, त्या मला हे एक भय सुचलं नव्हतं. आई गेली होती. बाबा सोफ्याच्या कडेला बसत होते, नाव पुकारण्याची वाट बघत. मी त्यांना रोज विचारत होते, "चहा घेणार?" आणखी काही विचारलं नव्हतं.

"माझी आई गेली," मी म्हणाले. "मागच्या नोव्हेंबरात."

त्याने मान हलवली. अग्निशमन दलाला बोलावतो म्हणाला, छत कच्चं आहे, मागेच दगडाची एक मोठी चीप खाली आली, कोणी आत जायचं नाही. आणि वायरलेस तोंडाशी नेला.

माझी नजर बुटांवर होती.

"ते बाहेर येणार आहेत," मी म्हणाले.

"मॅम?"

"बूट बघा ना. तोंड बाहेर आहे."

तो बुटांकडे बघत राहिला. त्याला काय कळणार? मला मात्र स्वच्छ दिसत होतं: ज्याला परत यायचं नाही, तो बूट वळवून ठेवत नाही. मला हे पटलं होतं. पुरतं पटलं होतं. तरी भीती गेली नव्हती, कारण पटणं आणि भीती यांची आपसात ओळख नसते. आणि मग मी माझे स्निकर झटकून टाकले आणि रेघ ओलांडली. माझे बूट कसे पडले विचारू नका. एक उलटा, एक डब्याजवळ.

"वैशाली!" सुनील ओरडला. पोलीसही ओरडला. मी थांबले नाही; थांबले असते तर पुन्हा हलले नसते.

तिसऱ्या खांबापर्यंत बाहेरचा उजेड आला. डावीकडे वळल्यावर तो संपला. अंधार म्हणजे दिवे गेल्यावर होतो तो नव्हे. डोळे उघडे आहेत की मिटलेले, हे मी हात लावून पाहिलं. कुठेतरी पाणी ठिबकत होतं. दोन थेंबांमध्ये इतका वेळ जायचा की पुढचा पडणारच नाही असं वाटायचं. डोक्यावर अख्खा डोंगर होता आणि तो माझ्याकडे लक्ष देऊन होता. मी भिंतीला हात लावून सरकत होते. मोज्यांखाली गारगार खडी. तोंडातून आवाज येत होता, तो माझा होता. मी बडबडत होते, तळघरात बडबडते तशी: "बाबा, मी आले हं, बाबा, पुऱ्या गार होताहेत, बाबा..."

"वैशे, आवाज करू नकोस."

अगदी जवळून. मी किंचाळले. ती किंचाळी डोंगरभर फिरून आली.

"बॅटरी का बंद केलीत?"

"ऐक जरा."

"काय ऐकू?"

"काही नाही. तेच ऐक."

मी चाचपडत गेले. ते खांबाला पाठ लावून बसले होते. मी त्यांचा दंड दोन्ही हातांनी पकडला.

"एकतीस वर्षं गोदामात शिरलो," ते म्हणाले. "दरवेळी कान टवकारून. कुठे काही घसरलं का, काही घासलं का. रिकामं गोदाम आज पहिल्यांदा मिळालं. म्हटलं, बसून घ्यावं."

"तुम्हाला भीती वाटायची?"

"रोज."

मला वाटत होतं की आमच्या घरात भित्री मी एकटी, मी कुणावर गेले कोण जाणे. "आईला माहीत होतं?"

"तिला कशाला सांगू? तिची भीती तिला कमी होती का?"

थेंब पडला. मग ते म्हणाले, "ती गेल्यापासून घरही असंच गप्प असतं. तिथे ऐकवत नाही गं. इथे ऐकवलं."

म्हणजे तो पोलीस अगदीच चुकला नव्हता. हे मी तेव्हा अंधारात समजून घेतलं आणि त्यांचा दंड आणखी घट्ट धरला. वरून बारीक चुरा खांद्यावर पडला. "चल," बाबा लगेच उठले. "हे बरं नाही." डेपोतला आवाज. त्यांनी बॅटरी लावली. दोन खांब चालून आलो तोच समोरून मोठा झोत आला. पोलीस स्वतःच आत आला होता, टोपी छातीशी धरून. त्याचाही श्वास फुलला होता.

बाहेर आल्यावर बाबांनी रेघेवर थांबून पाय बुटांत सरकवले. न वाकता. मग पट्टा, किल्ल्या, घड्याळ. पोलीस ते सगळं बघत होता. तन्वीने आपल्या परीने खुलासा केला, "ही युज्ड टू वर्क विथ लाडूज. थाउजंड्स ऑफ लाडूज." सुनीलने डोळे मिटले.

पोलिसाने आमची नावं लिहून घेतली, दहा मिनिटं दरडावलं, आणि फायर ब्रिगेडला येऊ नका म्हणून कळवलं. बाबांनी डब्यातलं एक पान काढून त्याच्या हातावर ठेवलं. "सोनं घ्या," ते मराठीतच म्हणाले. तन्वीने सांगितलं की हे सोनं आहे आणि आता मिठी मारायची असते. तो जरा अवघडला. मग त्याने बाबांना मिठी मारली, चांगली दोन्ही हातांनी, आणि सोडायला थोडा वेळ लावला. पान टोपीत ठेवून तो कुंपणापर्यंत आमच्या मागे आला.

गाडी हायवेला लागली. मग सुनील म्हणाला, "नावं लिहून घेतली." तीन वर्षांनी कार्ड हातात पडेपर्यंत तो अधूनमधून हे म्हणत असे. पण दुसऱ्या दिवसापासून सकाळी बाबांशेजारी सोफ्यावर तोही बसायला लागला. काही न बोलता, चहाचे दोन कप घेऊन.

फेब्रुवारीत बाबा पुण्याला परत गेले. पुढच्या वसंतात आम्ही मागच्या अंगणात रेडबड लावला. आता तो माझ्या डोक्याच्या वर गेलाय, आणि आज सकाळी त्याचं पहिलं पिवळं पान पडलं.

यंदा मार्चमध्ये, संध्याकाळी, मी आमटीला फोडणी दिली. अलार्म किंचाळला. झारा टाकून दारात जाऊन उभी राहिले आणि तेवढ्यात फोन वाजला. नितीन, माझा धाकटा भाऊ. तिकडे पहाट होती. बाबा झोपेतच गेले, तो म्हणाला. काही त्रास नाही. स्टुलावर घड्याळ, किल्ल्या, पेन, सगळं रात्री काढून ठेवलेलं तसंच होतं.

"आणि चपला?" मी विचारलं.

"ताई, काय विचारतेस!"

"बघ ना, नितीन."

तो गेला. माझ्या मागे अलार्म ओरडत होता, सुनील टॉवेल घेऊन धावत होता. मी चौकट धरून उभी होते. नितीन फोनवर परत आला. 

"पलंगाशी आहेत," तो म्हणाला. "तोंड दाराकडे."